गिब्सनचे मालक बदलले, म्हणून गिटार बदलली का?

सहा_तारा

गिब्सनच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारबद्दल, वापरलेली घ्यायची म्हणून, कुठेही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: "नॉरलिन घेऊ नको." दुसरं: "२०१५ तर मुळीच नको." आणि हल्ली तिसरं: "केकेआर आल्यापासून सुधारली म्हणतात." नॉरलिन आणि केकेआर हे कंपनीचे मालक. गिटारीची पत मालकाच्या नावावरून ठरते, आंब्याच्या पेटीवरच्या गावाच्या नावासारखी. आत काय निघेल ते पेटी उघडल्यावर.

आधी वंशावळ मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ऑर्व्हिल गिब्सनच्या नावाची कंपनी मिशिगनमधल्या कॅलामझूला १९०२ मध्ये उभी राहिली. १९४४ मध्ये ती शिकागो म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्सने, म्हणजे सीएमआयने, घेतली. १९६९ संपता संपता खुद्द सीएमआय ईसीएलच्या ताब्यात गेली, जिचा इक्वेडोरमध्ये बिअरचा धंदा होता. ईसीएलच्या नॉर्टन स्टीव्हन्समधला 'नॉर' आणि सीएमआयच्या मॉरिस बर्लिनमधला 'लिन' जोडून नाव झालं नॉरलिन. जानेवारी १९८६ मध्ये हेन्री जस्कीविट्झ आणि दोन भागीदारांनी ५० लाख डॉलरला कंपनी उचलली. मे २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, नोव्हेंबर २०१८ पासून केकेआर ही गुंतवणूक कंपनी.

प्रश्न दोन. यातले कोणते बदल खरोखर मालकापायी झाले आणि कोणते नुसते त्याच्या काळात झाले? आणि वापरलेली लेस पॉल घेताना कोणत्या सालच्या गिटारीत काय तपासायचं?

डोंबिवली_फास्ट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बिअरवाल्यांनी गिटारी केल्या म्हणून कोणी "सूर झिंगलेत" असं म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.

करवतकाका

तारखा नीट लावल्या तर निम्मं भांडण इथेच मिटेल.

गिब्सनची नेक, म्हणजे मान, नटपाशी अरुंद झाली ती १९६५ मध्ये. नट म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी. १ ११/१६ इंचाचा नट १ ९/१६ इंचावर आला, म्हणजे साधारण ४३ मिमीचा ४० मिमी. ऐकायला तीन मिलिमीटर, पण सहा तारांत वाटून टाका म्हणजे कळेल: उघडा डी कॉर्ड धरताना बोट शेजारच्या तारेला लागायला लागतं. पाठोपाठ हेडस्टॉकचा, म्हणजे खुंट्या बसतात त्या डोक्याचा, कोन १७ अंशांवरून १४ वर आणला. तेव्हा मालक कोण? सीएमआय. अध्यक्ष कोण? टेड मॅकार्टी, ज्यांच्या कारकिर्दीत लेस पॉल, ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), हंबकर (तारांचं कंपन उचलणारा पिकअप) आणि ईएस-३३५ ही गिटार आली ते. ते १९६६ मध्ये गेले.

म्हणजे ज्या अरुंद नेकवरून लोक नॉरलिनला शिव्या घालतात, ती नॉरलिनच्या जन्माआधीची आहे. आणि रुंद नट बसवून ही चूक सुधारत नाही, कारण लाकूडच नाही तिथे. १९६५ ते १९६९ मधली गिटार घेताना आधी नटवर कॅलिपर लावायचा, नंतर आवाज ऐकायचा.

मंद्रसप्तक

काका, तारखा बरोबर, पण वकिली जास्त झाली. नॉरलिनच्या खात्यावरच्या गोष्टी मोजा: सँडविच बॉडी, तीन तुकड्यांचं मेपल टॉप, आखूड टेनन, हेडस्टॉकमागचा उंचवटा. शिवाय १९७० मध्ये एपिफोन, गिब्सनचाच दुसरा ब्रँड, अमेरिकेतून उचलून जपानच्या मात्सुमोकूला दिली. हे सगळं सहा-सात वर्षांत. योगायोग म्हणायचा?

करवतकाका

योगायोग नाही. पण चारही गोष्टी एका मापाने मोजू नका.

सँडविच बॉडी, जिला तिकडे पॅनकेक म्हणतात: १९६९ ते साधारण १९७६. जाड मॅहॉगनीऐवजी दोन पातळ तुकडे आणि मध्ये मेपलचा पापुद्रा. गिटार आडवी धरून कडेने बघा, जॅकच्या पट्टीच्या आसपास एक फिकट रेघ पूर्ण बॉडीभोवती फिरलेली दिसेल. रंग गडद असेल तर टॉर्च तिरका मारा. ही गिटार मोडत नाही, वाकत नाही. जड मात्र होते. त्या दशकातल्या कित्येक लेस पॉल साडेचार ते पाच किलोंच्या आहेत, आणि दोन तास खांद्यावर घेतली की फरक कळतो.

टेनन: नेकची जीभ आधी पुढच्या पिकअपच्या खाचेत लांब शिरायची. १९६९ नंतर ती आखडत गेली आणि १९७५ च्या सुमारास अगदी आखूड झाली. बघायचं असेल तर नेक पिकअपचे चार स्क्रू काढा, पिकअप हळूच वर उचला, वायर ओढू नका. खाचेच्या तळाशी नेकचं लाकूड पुढे आलेलं दिसलं तर लांब. आखूड टेननची फिट घट्ट असेल तर ती आयुष्यभर टिकते. लांब पण सैल, आणि फटीत गोंद भरलेला, हे जास्त वाईट.

उंचवट्याबद्दल मात्र मी भांडणार. त्याला व्होल्यूट म्हणतात, आणि नॉरलिनने केलेलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम आहे.

खुंटीपिळ्या

+१. गिब्सनचं हेडस्टॉक का मोडतं ते एकदा समजून घ्या, मग व्होल्यूटला कुरूप म्हणा.

अख्खी नेक एका मॅहॉगनीच्या फळीतून कापलेली. लाकडाचे रेषे नेकच्या लांबीला समांतर. हेडस्टॉक १७ अंश मागे कललेलं, म्हणजे तिथे रेषे तिरके तुटतात आणि आखूड उरतात. त्यात बरोबर नटच्या मागे ट्रस रॉडच्या, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या सळीच्या, पेचासाठी खड्डा कोरलेला. सगळ्यात कमी लाकूड सगळ्यात जास्त ताणाच्या जागी. स्टँडवरून मागे पडली की गिटार बॉडीवर नाही, हेडस्टॉकच्या टोकावर आपटते आणि काडकन जाते.

यावर नॉरलिनच्या काळात तीन उपाय झाले: मागे व्होल्यूटचं जादा लाकूड, एका तुकड्याऐवजी तीन तुकड्यांची नेक, आणि १९७५ च्या आसपास मॅहॉगनीऐवजी मेपल. ही वॉरंटीत परत येणाऱ्या गिटारींवरची उत्तरं आहेत. १९८१ च्या सुमारास व्होल्यूट काढला, कारण गिऱ्हाइकाला पन्नाशीच्या दशकातलं रूप हवं होतं. रूप परत आलं, मोडणंही परत आलं.

निवांत_नट

पण मेपल नेकने आवाज बदलतो ना? जास्त चकचकीत, कमी ऊबदार. मोडत नाही म्हणून चांगली म्हणायचं असेल तर क्रिकेटची बॅटच घ्यावी.

पिकअपपंडित

त्या चकचकीतपणाचा दोष नेकला देण्याआधी मागचं झाकण उघडा. उलट बहुतेक वेळा तक्रार येते ती मंद, घोगऱ्या आवाजाची, आणि तिचं कारण लाकडात नसतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर व्हॉल्यूमला ३०० किलोओहम आणि टोनला १०० किलोओहमचे पॉट, म्हणजे बटणांखालचे बदलते रोध, बसवले जात. आधी दोन्हीकडे ५०० असत. टोनचा पॉट कपॅसिटरमार्गे ग्राउंडला जोडलेला असतो, पण वरच्या स्वरांना तो कपॅसिटर जवळपास सरळ रस्ताच. म्हणजे पिकअपवर भार पडतो दोन पॉट समांतर जोडल्यासारखा: ५०० आणि ५०० चा २५०, पण ३०० आणि १०० चा फक्त ७५. वरची धार तिथेच मरते. चार पॉट, ५०० चे ऑडिओ टेपर, आणि तासाभराचं सोल्डरिंग. जुने पॉट फेकू नका, पाकिटात घालून गिटारीसोबत ठेवा, विकताना लागतात.

काढताना पाठीवरचा आकडा वाचा. १३७७५२३ असं असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७५ म्हणजे १९७५, २३ म्हणजे तेविसावा आठवडा. गिटार त्या आठवड्याच्या आधीची असू शकत नाही. नंतरची असू शकते, पॉट पेटीत पडून राहतात.

डोंबिवली_फास्ट

म्हणजे पन्नास वर्षं लोक लाकडाला शिव्या देत होते आणि गुन्हेगार चार गोल बटणांखाली लपला होता. दंडवत.

आकडेमोड

मालकीचा खरा परिणाम लाकडाच्या तुकड्यात शोधू नका, पत्त्यात शोधा. नॉरलिनने १९७५ मध्ये टेनेसीत नॅशव्हिलला दुसरा कारखाना सुरू केला. तिथे लेस पॉल मोठ्या संख्येने, तर कॅलामझूला आर्चटॉप (वरची फळी फुगीर कोरलेल्या गिटारी) आणि कमी संख्येचं, हाताचं काम. दोन्ही चालवणं परवडेना तेव्हा १९८४ मध्ये बंद पडलं ते कॅलामझू. यंत्रं हलवता येतात, पण तीस-तीस वर्षं आर्चटॉप कोरणारी माणसं टेनेसीला गेली नाहीत. त्यातल्याच काहींनी १९८५ मध्ये त्याच २२५ पार्सन्स स्ट्रीटच्या इमारतीत हेरिटेज गिटार सुरू केली. म्हणजे मालकाने नाव नेलं, पण हात आणि भिंती मागेच राहिल्या.

वापरलेली घेणाऱ्यांसाठी उपयोगाचं: १९७७ पासून गिटारीवर आठ आकडी सीरियल क्रमांक. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, दुसरा-तिसरा-चौथा वर्षातला दिवस, शेवटचे तीन त्या दिवसाचा क्रम. कॅलामझू बंद होईपर्यंत क्रम ५०० च्या खाली असेल तर कॅलामझू, ५०० आणि पुढे नॅशव्हिल. उदाहरणार्थ ८१७३२०४७: १९८२, १७३ वा दिवस म्हणजे २२ जून, कॅलामझू. १९७० ते १९७५ च्या सहा आकडी क्रमांकांवर मात्र विसंबू नका. तेच आकडे साठच्या दशकातल्या गिटारींवरही आहेत. तिथे हेडस्टॉकमागे 'मेड इन यूएसए' ठोकलेलं आहे का ते बघायचं. असेल तर १९७० किंवा नंतरची.

न्यूजर्सीकर

अवांतर, पण तुलना हवीच. फेंडर, गिब्सनची प्रतिस्पर्धी, १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. १९७१ मध्ये त्यांच्या स्ट्रॅट या गिटारीच्या नेकचे चार बोल्ट तीन झाले. रचना वाईट नव्हती, कोन बदलण्याची सोय त्यात होती. खाचेची फिट सैल सोडली म्हणून नेक कडेला सरकते आणि वरची ई तार फ्रेटबोर्डावरून, म्हणजे बोटांखालच्या पट्टीवरून, घसरते. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ आणि मंडळींनी १ कोटी २५ लाखांत कंपनी परत घेतली तेव्हा फुलर्टनचा कारखाना सौद्यात नव्हताच. नाव, आराखडे, थोडी यंत्रं. नवा कारखाना कोरोना या गावी उभा राहीपर्यंत बहुतेक माल जपानहून आला. गिल्ड या गिटार कंपनीची तर वरातच निघाली: अवनेट, फेंडर, कॉर्डोबा, आता यामाहा, आणि कारखाना वेस्टर्लीहून हलत हलत कॅलिफोर्नियात.

मंद्रसप्तक

मग मार्टिन ही अकूस्टिक गिटारवाली कंपनी बघा! १८३३ पासून एकाच घराण्यात. मालक बदलला नाही, म्हणून दर्जाही बदलला नाही.

करवतकाका

अहो, सत्तरच्या दशकातली मार्टिन कधी स्ट्रोब ट्यूनरवर लावून बघितली आहे का? त्यातल्या बऱ्याच गिटारींचे ब्रिज चुकीच्या जागी चिकटवलेले आहेत, बाराव्या फ्रेटवर (बोटांच्या पट्टीवरच्या आडव्या तारेवर) सूर लागत नाही. उपाय म्हणजे सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या पट्टीची, जुनी खाच बुजवून नवी पाडायची, किंवा ब्रिजच हलवायचा. ब्रिजला आतून आधार देणारा मेपलचा छोटा ब्रिजप्लेट जाऊन शिसवीचा मोठा आला, तोही १९६८ च्या सुमारास, घरच्याच मालकाच्या हाताखाली. तेव्हा गिटारींची मागणीच अशी होती की सगळे जण पाट्या टाकत होते. घराणं असो की बिअरवाला, रोजचा आकडा वाढवला की गोंद सुकायला वेळ मिळत नाही.

निवांत_नट

शिसवी म्हणालात म्हणून विचारतो. २०११ मध्ये गिब्सनवर अमेरिकी सरकारचा जो छापा पडला, तो आपल्याकडच्या शिसवीवरूनच ना?

खुंटीपिळ्या

हो. छापे दोन. २००९ चा मादागास्करच्या एबनीवरून, ऑगस्ट २०११ चा भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीच्या फिंगरबोर्डपट्ट्यांवरून. शिसवी म्हणजे आजोबांच्या पाटाची आणि देव्हाऱ्याची तीच, पश्चिम घाटातली. भारताचा तेव्हाचा नियम असा की कापीव लाकूड बाहेर जाऊ द्यायचं नाही, पण ६ मिमीपर्यंतचा पापुद्रा किंवा पूर्ण झालेली वस्तू चाले. पट्ट्या जाड होत्या आणि कागदावर पापुद्रा लिहिलेला. ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली: ३ लाख डॉलर दंड, वर ५० हजार वनसंवर्धनाला. मादागास्करच्या मालावरचा हक्क सोडला, भारतातला माल परत मिळाला.

गिटारीवर परिणाम तिसराच. त्या काळात काही गिटारींना भट्टीत भाजलेल्या मेपलचे फिंगरबोर्ड आले, काहींना रिचलाइट म्हणजे कागद आणि रेझिनचा दाबलेला पत्रा, आणि २०१२ च्या बऱ्याच लेस पॉलना शिसवीचे दोन पातळ थर एकावर एक चिकटवलेले. रिफ्रेट करताना, म्हणजे नवे फ्रेट बसवताना, हे माहीत हवं. फिंगरबोर्ड रंधून सपाट करताना वरचा थर किती उरला आहे ते बाइंडिंगच्या (कडेच्या पट्टीच्या) टोकाला, नटकडून बघून घ्या, नाहीतर रंधा गोंदाच्या रेघेवर पोचेल. रिचलाइटमध्ये फ्रेट ठोकताना खाच जरा रुंद ठेवा. लाकडासारखी ती दबत नाही, नेक मागे वाकते.

सहा_तारा

वाचतोय. आता २०१५ वर कोणी बोलेल का? जस्कीविट्झकडे १९८६ ते २०१८ कंपनी होती, म्हणजे नॉरलिनच्या दुप्पट काळ.

आकडेमोड

आणि पहिली पंधरा-वीस वर्षं चांगली होती, हेही नोंदवा. मोडकळीला आलेली कंपनी उभी केली. १९८७ मध्ये मॉन्टॅनातली फ्लॅटआयर्न ही मॅन्डोलिनवाली कंपनी घेतली आणि १९८९ पासून तिथल्या बोझमनला फक्त अकूस्टिक गिटारींचा कारखाना काढला. तो आजही चालू आहे.

बिघडलं ते गिटारीबाहेर. २०१३ मध्ये केकवॉक ही संगीताच्या सॉफ्टवेअरची कंपनी घेतली, २०१४ मध्ये फिलिप्सचा घरगुती ऑडिओचा धंदा १३ कोटी ५० लाख डॉलरला. 'आम्ही संगीताची जीवनशैली विकतो' वगैरे. रोखे होते ३७ कोटी ५० लाख डॉलरचे, व्याज ८.८७५ टक्के. गुणाकार करा: वर्षाला ३ कोटी ३२ लाख डॉलर नुसतं व्याज. एकेका गिटारीवर हजार डॉलर सुटले असते तरी ३३ हजार गिटारी फक्त सावकारासाठी विकायच्या. गिटारीचा धंदा त्याच्या पायावर उभा होता, पण हेडफोन त्याच्या डोक्यावर.

पिकअपपंडित

२०१५ चं घ्या. जवळजवळ सगळ्या अमेरिकन मॉडेलांवर आपोआप सूर लावणाऱ्या मोटरच्या खुंट्या सक्तीच्या, नटच्या जागी पितळी झिरो फ्रेट, नेक रुंद, आणि किमती वर. दुकानदारांनी माल उचलला नाही. २०१६ मध्ये मुकाट्याने पारंपरिक आणि हायटेक असे दोन वेगळे रस्ते केले.

पण खरेदीच्या दृष्टीने २०१५ वाईट नाही, उलट पडत्या भावात मिळते. मोटरच्या खुंट्या काढायच्या, हेडस्टॉकच्या भोकाचा व्यास कॅलिपरने मोजून त्याच मापाच्या साध्या घ्यायच्या. पितळी झिरो फ्रेट तपासा: बारीक तारांखाली घळ पडते आणि उघडी तार झिणझिणते. पुढच्या वर्षी हायटेक गिटारींना टायटेनियमचा दिला, यातच कबुली आली. हाडाचा नट घालायचा असेल तर रुंदी जास्त आहे हे धरून तुकडा घ्या, बाजारातला तयार पुरत नाही.

डोंबिवली_फास्ट

मोटरने सूर लावतो म्हणतात, पण बॅटरी संपली की सूर कोण लावणार? खुंटीपिळ्या साहेब, तुमचा धंदा सुरक्षित आहे.

मंद्रसप्तक

गिटारीत इलेक्ट्रॉनिक्स घालायची हौस नवी नाही. नॉरलिनकडे मूग ही सिंथेसायझरची कंपनीही होती, म्हणून १९७७ मध्ये आरडी या गिटारमालिकेत मूगचं सर्किट घातलं. ज्याच्या घरात जे पिकतं ते तो गिटारीत घालतो. हा मालकाचा थेट परिणाम, काका, इथे तरी मान्य करा.

करवतकाका

मान्य. तारीख जुळते आणि कारणही जुळतं.

न्यूजर्सीकर

केकेआरनंतरचं थोडक्यात: २०१९ मध्ये ओरिजिनल आणि मॉडर्न अशा दोन सरळ रांगा, स्टँडर्ड फिफ्टीजमध्ये बॉडी भरीव, वजन कमी करायची भोकं नाहीत. मेम्फिसचं सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ गिटारींचं, काम नॅशव्हिलला हलवलं. उरलेल्या फायरबर्ड एक्स गिटारींवर यंत्राचे पट्टे फिरवतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाच असेल. २०२१ मध्ये मेसा बूगी ही अॅम्प्लिफायरची कंपनी घेतली. हेडस्टॉक मात्र तसंच, १७ अंश, व्होल्यूट नाही.

खुंटीपिळ्या

मूळ प्रश्न राहून गेला, तपासायचं काय. कोणत्याही सालची असो, आधी नटच्या मागे. नेक तिरकी करून उजेड घासून जाईल असा धरा, अंगठ्याचं नख आडवं फिरवा. केसाएवढी रेघ असेल तर नख अडतं. मग अंधारात यूव्ही टॉर्च: जुनं नायट्रो लॅकर हिरवट-पिवळं चमकतं, नंतर मारलेला हात गडद डागासारखा वेगळा दिसतो. जोडलेलं हेडस्टॉक म्हणजे गिटार टाकाऊ नव्हे. नीट बसलेला जोड मूळ लाकडाइतका टिकतो, किंमत मात्र मोठी उतरवून घ्या.

ताजं मोडलेलं असेल तर तारा सैल करा, तुकडे "बसतात का" म्हणून पुन्हापुन्हा जुळवू नका, रेषे चुरतात. ट्रस रॉडच्या टोकाला मेण लावा, म्हणजे गोंद चिकटणार नाही. साधा पिवळा लाकडाचा गोंद किंवा गरम सरस, दोन्ही बाजूंनी आकाराचे ठोकळे, क्लॅम्प, चोवीस तास. इपॉक्सी नको. ते फसलं तर पुढच्या माणसाला उकलता येत नाही.

करवतकाका

यात ब्रिजची भर. जुन्या ट्यून-ओ-मॅटिकचे, म्हणजे एबीआर ब्रिजचे, खांब सरळ लाकडात पिळलेले असतात, तारांच्या ओढीने पुढे कलतात. पट्टी ठेवून बघा, ब्रिज मधोमध खचलाय का. सत्तरच्या मध्यापासूनचा नॅशव्हिल ब्रिज रुंद आहे, खांब धातूच्या बुशमध्ये बसतात, सूर जुळवायला सॅडलला जास्त वाव मिळतो. तोही नॉरलिनचाच, आणि तो काढून पुन्हा एबीआर घालण्यासाठी लोक पैसे मोजतात.

सहा_तारा

म्हणजे १९७८ ची, मेपल नेक, व्होल्यूट, नॅशव्हिल ब्रिज, साडेचार किलो, हेडस्टॉक शाबूत, अशी समोर आली तर?

खुंटीपिळ्या

पट्टा रुंद घ्या, चार पॉट बदला.

पिकअपपंडित

आणि टी-टॉप, म्हणजे गिब्सनचे त्या काळातले हंबकर, पिकअप असतील तर त्यांना हात लावू नका.